बुरुल एजेचा तांबडा

बुरुल म्हणजे ‘वळ’. ओळीने मुलीच होत राहिल्या की आमच्या नारीनच्या खोऱ्यात धाकटीला हे नाव ठेवतात, निदान यापुढे तरी नशीब वळावं म्हणून. वळलं. मागोमाग भाऊ जन्मला. “तुझं काम झालं बाई,” असं तिची आई तिला तोंडावर म्हणायची, तेही हसत.

मोठ्या बाईला आम्ही एजे म्हणतो. बुरुल एजेला मूलबाळ नव्हतं. घोड्या पिळायच्या, त्या दुधाचा आंबूस किमिझ घुसळायचा आणि नवऱ्याच्या शिव्या खायच्या, यात तिचा दिवस जायचा. नवरा दूरोन. घोड्यावर बसल्यावर सुलतान आणि उतरल्यावर सरपटणारा. लांडग्यांनी एका घोडीला फाडलं तेव्हा तिचं शिंगरू एजेने घरात आणलं आणि शेळीच्या दुधावर जगवलं. घोड्यांना आमच्याकडे नावं नसतात, नुसता रंग. हा तांबडा. मोठा झाला तसा कुणाला जवळ येऊ देईना. एजेने हाक मारली की मात्र वरचा ओठ उचलून दात दाखवायचा. दूरोन म्हणायचा, “हसतोय बघ मेला, अगदी तुझ्या माहेरचा दिसतो.” पण तांबड्यावर खोगीर चढलं ते दूरोनचंच, त्यामुळे घोडाही दूरोनचाच.

दूरोन मेला तेव्हा रिवाजाप्रमाणे तांबड्याची शेपटी आणि आयाळ कापली नि त्याला मोकळं सोडलं. मेलेल्याच्या घोड्यावर वर्षभर कुणी बसत नाही. वर्ष सरलं की मोठं जेवण घालायचं, आणि त्या जेवणाला तोच घोडा कापायचा, म्हणजे मेलेल्याला वर बसायला मिळतो.

एजे दिराकडे राहायला गेली. त्याचं नाव मामासाली, पण दिराचं नाव तोंडाने घ्यायचं नसतं, म्हणून ती त्याला ‘मिर्झा’ म्हणायची. वर्ष सरत आलं तेव्हा तांबड्याला कापू नका म्हणून तिने त्याला विनवलं. या मिर्झाचा आवाज काढायचा तर आधी नाकातून ‘ह्ह्म’ करायचं, मग पोट पुढे काढायचं आणि मग, “मी काय म्हणतो...”

“ह्ह्म. मी काय म्हणतो जेंगे,” वहिनीला आम्ही जेंगे म्हणतो, “दादा काय वर पायी हिंडणार?”

“तुमचे दादा त्याच्यावर बसून दारूच्या दुकानापुढे कधी गेले नाहीत, मिर्झा. वर आणखी कुठे जायचंय त्यांना?”

मामासालीला हसू आवरेना. शिवाय तांबडा जवान होता, शर्यतीला चालला असता.

“बरं. म्हातारी पांढरी घोडी कापू. ताटात पडल्यावर कुणाला रंग कळतोय? पण बोलायचं नाही कुठे.”

“मी कशाला बोलू?”

पुढचे काही आठवडे एजे गाणं गुणगुणत घोड्या पिळायची. तिला गाताना गावाने पहिल्यांदाच ऐकलं. आवाज भयंकर होता.

मग शाळेच्या हॉलमध्ये पडदा म्हणून चादर ताणली गेली. बिश्केकहून कार्टूनचा सिनेमा आला होता, रानघोड्याचा. दूरोन जिवंत असताना शहरातली दोन पोरं चित्रांच्या वह्या घेऊन कुरणावर आली होती, एजेच्या हातचा किमिझ पिऊन पोट बिघडेपर्यंत राहिली होती. त्यांनीच तो काढला होता. सगळं गाव लोटलं. पडद्यावरच्या घोड्याची शेपटी नदीसारखी लांब. तो मनातल्या मनात बोलायचा, तेही सर्दी झालेल्या नटाच्या आवाजात : “मी... वाऱ्याचा... मुलगा आहे...” माणसं त्याला पकडतात, बांधतात, उपाशी ठेवतात. शेवटी तो दोर तोडतो, दरीवरून झेप घेतो आणि डोंगरापलीकडे नाहीसा होतो. हॉलभर हुंदके. मामासालीने तर फेल्टची टोपी तोंडात कोंबली होती, तरी ‘ह्ह्म, ह्ह्म’ ऐकू येत होतं.

झेप घेण्याआधी पडद्यावरच्या घोड्याने वरचा ओठ उचलला आणि दात दाखवले.

एजे ताडकन उभी राहिली. “अगं बाई! हा माझा तांबडा! माझा आहे तो!”

सगळा हॉल मागे वळला. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी तिचे मुके घेतले. जन्मात पहिल्यांदा लोक तिच्याकडे बघत होते आणि ती लाजून हसत होती.

आठवड्याभरात बातमी पार जिल्ह्याच्या कचेरीत पोचली. दूरोनच्या जेवणाला कोण कोण येणार याचे निरोप मामासालीकडे यायला लागले. प्रत्येकाचं एकच : सिनेमातला घोडा कापणार म्हणे?

एजे धावत गेली. “मिर्झा, तुम्ही शब्द दिलाय.”

“दिला होता. तेव्हा तो नुसता घोडा होता.”

“तुम्ही रडलात त्याच्यासाठी. मी बघितलं.”

“अहो, तो सिनेमा होता! सिनेमात रडतातच माणसं.” मग आवाज खाली आणून, “मी काय म्हणतो जेंगे, आता पांढरी कापली तर लोक काय म्हणतील? भावाच्या जेवणातही लबाडी केली म्हणतील. जिल्ह्याचे साहेब येणारेत. तुम्हीच उभं राहून सांगितलंत ना सगळ्यांना?”



जेवणाच्या दिवशी तांबड्याला धरायला सात-आठ जण गेले. तो कुणाच्या हाती लागेना. शेवटी मामासालीने तिलाच बोलावलं. तिने नकार दिला. मग म्हाताऱ्यांपैकी एकजण म्हणाला, नवऱ्याला पायी धाडायचंय का, आणि बाया तिच्याकडे बघायला लागल्या. तिने हाक मारली. तांबडा उतारावरून धावत आला आणि ओठ उचलून उभा राहिला.

मांस वाढायचं काम विधवेचंच. साहेबाने बोटं चाटत विचारलं, “हाच ना तो?” मामासालीने पोट पुढे काढून “हाच, हाच” म्हटलं आणि त्याच्या ताटात चरबीचा तुकडा टाकला. साहेबाच्या शेजारी त्याची लहान मुलगी बसली होती. तिने ताटाला हात लावला नव्हता.

“पण तो तर पळून गेला होता,” ती म्हणाली. “डोंगरापलीकडे.”

“पोरी, पडद्यावरचा पळाला,” एजे म्हणाली. “हा हाकेला आला. खा, गार होतंय.”

आणि परात घेऊन पुढच्या पंगतीकडे गेली.