पाचवा शर्ट

मावशींना नाटकातलं काय कळतं, असं आमच्या दिग्दर्शकांना वाटायचं. मला विचाराल तर अख्ख्या मंडळीत तेवढं त्यांनाच कळत होतं. पण मला विचारतो कोण! मी आपला नट. दुसऱ्याची वाक्यं बोलणारा.

आमचं पथक कामगारांसाठी नाटकं करायचं आणि मावशी कपडेपट सांभाळायच्या. एक पत्र्याची पेटी, इस्त्री, सुयांचा डबा आणि तालमीच्या हॉलमागची खोली, एवढं त्यांचं राज्य. खोली पथकाची. काम सुटलं की खोलीही सुटली. त्याआधी सतरा वर्षं त्या ब्लँकेटच्या कारखान्यात होत्या. संपात नवरा-बायको दोघांनाही काढून टाकलं. नवऱ्यानं ते मनाला लावून घेतलं आणि तीन वर्षांत तोही गेला.

दर मंगळवारी आमचं अभ्यासमंडळ भरायचं. दिग्दर्शकांना आम्ही सर म्हणायचो. सर वर्गसंघर्षावर, कलेवर, सिनेमावर बोलायचे. छान बोलायचे, खोटं कशाला सांगू? मावशी कोपऱ्यात बटणं लावत ऐकायच्या आणि मध्येच टाचणी लावायच्या. एकदा सर म्हणाले, "त्या दिवशी चार हजार कामगार रस्त्यावर उतरले, अशी नोंद आहे."

"आणि चार हजार शर्टांना इस्त्री कुणी केली, त्याची नोंद कुठाय?" मावशींनी विचारलं.

सिनेमावरही त्यांचा राग. "हिरो कामगार झाला की बनियन फाटकं, पण केस बघा, कसे चापूनचोपून! आणि गरिबी नेमकी दंडावरच कशी फाटते हो?" आम्ही पोट धरधरून हसलो. सर हसले नाहीत.

मग संपावरचं नाटक आलं. सरांनी कामगारांचे शर्ट फाडायला सांगितले. मावशींनी फाडले आणि प्रयोगाआधी पुन्हा शिवून ठेवले.

"मावशी, शोषण डोळ्यांना दिसायला हवं," सर म्हणाले.

"मोर्चाला फाटकं घालून कोण जातं? फाटकं भीक मागताना घालतात. आम्ही भीक मागायला गेलो नव्हतो. आमचं होतं ते आणायला गेलो होतो." मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, "ह्यांच्या शर्टाची कॉलर झिजलेली. आदल्या दिवशी ती उसवली, उलटी करून परत शिवली, तेव्हा कुठे ते निघाले."

सरांना ते भिकेचं वाक्य भयंकर आवडलं. त्यांनी ते नाटकात घातलं, पुढाऱ्याच्या, म्हणजे माझ्या तोंडी. शर्ट मात्र फाटकेच! आता बोला.

मावशी काही सुधारल्या नाहीत. तिसऱ्यांदा शिवलेला शर्ट दिसला तेव्हा सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "रविवारी युनियनच्या सभागृहात प्रयोग आहे. एकही शर्ट धड दिसला, तर सोमवारी दुसरं काम बघा."

मावशींनी सुईत दोरा ओवला. या वयात कुठे जाणार ही बाई? आठवडाभर मी कुठल्या ना कुठल्या निमित्तानं त्यांच्या खोलीत डोकावत होतो. पेटीला कुलूप. "मावशी, फाडले ना?" "तू तुझं पाठांतर बघ." एवढंच उत्तर.

रविवारी दुपारी सभागृहात पेटी उघडली. एक, दोन, तीन, चार शर्ट फाटके. हुश्श! आणि तळाशी पाचवा, माझा. नवाच दिसत होता, कडक इस्त्रीचा, अख्खा. मावशी पलीकडे नाटकातल्या मालकाच्या कोटाचं बटण लावत होत्या आणि सर जिना चढून येत होते. त्यांच्या चपला वाजत होत्या. विचारायला वेळच नव्हता. मी शर्ट अंगात घातला, बाही धरली आणि खांद्याखालून टर्रकन फाडली.

सरांनी सगळ्यांना न्याहाळलं. माझ्यापाशी थांबले. "वा! शिकल्या मावशी शेवटी."

वाचवलं बुवा, असं मला वाटलं. मावशींकडे बघून मी डोळा मारला. त्या माझ्या बाहीकडे बघत होत्या.

प्रयोग रंगला. पुढच्या रांगांत कामगार बायकामुलांसह बसले होते, सगळे धुतलेल्या, इस्त्रीच्या कपड्यांत. माझं वाक्य आलं. त्याआधी मी कॉलर ताठ करतो, तशी केली. कॉलरच्या खालच्या बाजूला बोटांना झिजलेली घडी लागली. दशा निघालेली. उलटी करून शिवलेली कॉलर.

वाक्य गेलं. डोक्यात काही म्हणता काही राहिलं नाही. विंगेत मावशी उभ्या होत्या. आम्ही अडलो की तिथून मावशीच वाक्य द्यायच्या.

"आम्ही भीक मागायला आलो नाही," त्या हळूच म्हणाल्या.

मी कॉलर धरूनच उभा. त्यांनी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा इतकं स्पष्ट म्हटलं की पहिल्या रांगेतल्या बायकांनी माना वळवल्या. मग मी कसंबसं म्हणालो. फाटकी बाही दुसऱ्या हातानं धरून. टाळ्या पडल्या.

प्रयोगानंतर सर म्हणाले, "तो पॉज काय घेतलास रे! असाच ठेव."

मावशींनी शर्ट मांडीवर पसरला होता. मी समोर जाऊन उभा राहिलो. "मावशी, मला माहीत नव्हतं हो. तुमची खोली जाईल म्हणून..."

"कळलं रे," त्या म्हणाल्या. त्यांचं बोट फाटलेल्या कडेवरून फिरत होतं. "शिवणीवर उसवायचास. कापड फाडलंस."