वारा सुटला त्या दिवशी आबा आजारी होते

आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, दिवसा आडवं झालेलं मी जन्मात एकदाच पाहिलं, आणि ते पाप माझं. अंगात ताप असला की हा माणूस कुदळ घेऊन बांध घालायला जायचा. घाम फुटला की म्हणायचा, उतरला. दुपारच्या भाकरीनंतर घरात कुणी पाय पसरायला लागलं की आबा नुसते खाकरायचे, पाय आपोआप गोळा व्हायचे. तीन भावांचं खटलं, सुना, पोरंटोरं, बैलं, सगळा कारभार त्या खाकरण्यावर चालायचा. अशा माणसाला मी एका तारेनं मरणाच्या दारात नेऊन बसवलं.

तेव्हा मी पलटणीत होतो. लग्न नुकतंच झालेलं, आणि बायकोशी धड चार वाक्यं बोलायच्या आत रजा संपलेली. साधा अर्ज केला असता तर दिवाळी उजाडली असती. आमच्या सातारा-सांगलीच्या पोरांचे वडील मात्र यात्रा नाहीतर सुगी आली की हमखास आजारी पडायचे. वरचे साहेबही ओळखून असत, पण एखादं खरंच असलं तर काय घ्या, म्हणून सोडत. मी चुलतभावाला कळवलं. त्यानं कोरेगावला सायकल मारून तार ठोकली : फादर सिरियस, कम सून.

मी घरी पोचलो तर सिरियस फादर घरापुढच्या खळ्यावर बैलांच्या मागं गोल फिरत होते. दुष्काळ मागं पडला होता आणि शाळू असा आला होता की कणीस मुठीत मावत नव्हतं.

"रजा कशी काय गावली रं?" आबांनी विचारलं.

वाटेत मी एक चांगली थाप जुळवून आणली होती. आबा नुसते खाकरले. खरं सांगून टाकलं.

"म्हंजी मी मराय टेकलोय?"

"कागदावर."

"मग मला सांगायचं तरी. सकाळधरनं बैलं हाकतोय मी."

मळणी उरकली. दाणा आणि भुसकट यांचा एकच ढीग खळ्यात पडला. आता तिवईवर उभं राहून तो पाटीनं वाऱ्यावर धरायचा, की दाणा खाली आणि भुसकट लांब. पण वाराच नव्हता. आबा घटकेघटकेला मूठभर भुसकट वर उडवायचे. ते सरळ त्यांच्याच पायावर पडायचं.

अशात चुलतभाऊ पळत आला. "तुजा सुभेदार एष्टीतनं उतरलाय. त्योबी रजेवर हाय. हातात मोसंब्याची पिशवी हाय, आन् आजारी म्हाताऱ्याचं घर कंचं म्हनून इचारतोय."

मी आबांचा दंड धरला. "आबा, घटकाभर पडा."

आबांनी माझ्याकडं बघितलं, मग ढिगाकडं. "न्हाई पडलो तर?"

"रजा जाईल. वर शिक्षा."

ते सोप्यात गेले. आईनं बाज टाकली, कपाळावर ओलं फडकं ठेवलं. वाकळ छातीपर्यंत ओढली की मातीनं भरलेले पाय उघडे पडायचे. पाय झाकले की पैलवानासारखी छाती. शेवटी पाय झाकले.

सुभेदारसाहेब आले. आमच्याच भागातला शेतकऱ्याचा गडी. बाजेजवळ बसून त्यांनी आबांचा हात हातात घेतला. "कवापास्नं पडून हायसा, आबा?"

"आत्ताच."

"तापात बोलत्यात," मी म्हणालो.

"दुखतंय काय?"

"पडून पडून पाठ," आबा म्हणाले. एवढं एकच खरं दुखणं त्यांच्याजवळ होतं.

आणि त्याच वेळी दार धाडकन आपटलं. परड्यातली चिंच सळसळली. आबांचे डोळे आढ्याला लागले. वाकळेखाली पाय वळवळायला लागले.

"वारा सुटला," ते पुटपुटले.

सुभेदारांनीही बाहेर मान वळवली. "ढीग तसाच पडलाय की. कोन उफणनार?"

"ह्यो," आबांनी माझ्याकडं बोट केलं.

"ह्यो? ह्यो परेडला सरळ उभा ऱ्हात न्हाई."

मग मला चढणं भाग पडलं. मी तिवईवर उभा राहिलो, आईनं पाटी वर दिली, आणि मी ती छातीशी धरून रुबाबात ओतली. नेमकं वाऱ्याकडं तोंड करून. अर्धं भुसकट माझ्या डोळ्यांत, अर्धं तोंडात. घाबरून पाटी झटकली, तसे दाणेही भुसकटाच्या बाजूला उडाले.

"आरं, दानं चाललं की समदं," असं कुणीतरी ओरडलं. डोळे चोळून बघतो तर आबा. कपाळाला फडकं तसंच चिकटलेलं, धोतराचा काचा मारलेला, धावत येत होते. मला दंडाला धरून त्यांनी खाली उतरवलं आणि स्वतः चढले. मग एकसारखी धार सुरू झाली. दाणा पायाशी, भुसकट चार हात पलीकडं.

सोप्याच्या पायरीवर सुभेदार उभे होते. मी सावधानमध्ये, तोंडात भुसकट. त्यांनी पिशवी आईकडं दिली, बाह्या वर सारल्या आणि ढिगातनं पाटी भरून आबांच्या हातात दिली. वारा पडेपर्यंत त्या दोघांनी उफणणं सोडलं नाही. मला कुणी विचारलंच नाही.

दिवस कलल्यावर हातपाय धुऊन सुभेदार भाकरीला बसले. "आता पलटनीत काय सांगू, आबा?"

"खरं त्येच सांगा. पोरगं आलं, आन् म्हातारा हातरुनातनं उठला."

सुभेदार इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "रजा हाय तवर ह्यांच्या हाताखाली ऱ्हायचं. ह्यांनी उबं ऱ्हा म्हनलं की उबं ऱ्हायचं. हुकूम हाय."

तो हुकूम माझ्यापेक्षा आबांनीच जास्त मनावर घेतला. सुभेदारांच्या एष्टीची धूळ खाली बसायच्या आत त्यांनी माझ्या हातात रिकामं पोतं दिलं आणि खाकरले.