नायिफ मिस्त्रीचा सांधा

इर्बिद शहरातल्या निम्म्या कबाबवाल्यांच्या ग्रिल नायिफ मिस्त्रीने बसवल्यात, आणि त्यातल्या निम्म्यांशी त्याचं भांडण आहे. माझं शिंप्याचं दुकान उम्म सुहैबच्या दुकानाला लागूनच, त्यामुळे तिच्याकडचं भांडण मी पहिल्या शब्दापासून ऐकलं.

उम्म सुहैब, म्हणजे सुहैबची आई. नवरा गेल्यावर वीस वर्षं हातगाडीवर फलाफलचे वडे तळून तिने स्वतःचं दुकान घेतलं. गॅसवर चालणारी सहा बर्नरची ग्रिल आणली. ती तिला दर्शनी काचेजवळ, नक्षीदार लाकडी भिंतीला चिकटवून हवी होती. जाणाऱ्या-येणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं, एवढाच हिशेब.

बुधवारी मिस्त्री आला. त्याने भिंतीवर बोटाने टकटक केली.

"लाकूड काढावं लागेल."

"अहो, सुतार सात दिवस खपलाय त्यावर."

"जळायला सात मिनिटं पुरतील. मागे पत्रा हवा, आणि वीतभर मोकळी जागाही."

"वीतभर! स्वतःच्या लग्नातसुद्धा बायकोला वीतभर लांब बसवलं असेल तुम्ही."

"बसवलं होतं. तीस वर्षं झाली, अजून आग लागलेली नाही."

दिवसभर हेच चाललं. सिलिंडर आत ठेवायचे म्हणून ती अडून बसली, तर त्याने ते मागच्या अंगणात जाळीच्या कपाटात नेले. गॅसची चावी ग्रिलच्या मागे लपवू या, वाईट दिसते, असं ती म्हणाली. "आणि भडका उडाला तर त्याच्यावरून हात घालून बंद करणार का?" असं विचारत त्याने चावी दाराजवळ आणली. लाकूड शेवटी उतरलं. ते उतरताना उम्म सुहैबने सुताराच्या वतीने सुस्कारा सोडला.

शुक्रवारी नमाजानंतर दुकान उघडायचं होतं. गुरुवारी दुपारी ग्रिल पेटवून बघायला तिच्या जावा, भाचरं, शेजारी, सगळे जमले. मीही मापाची टेप गळ्यात तशीच ठेवून गेलो. तिने काडेपेटी हातात घेतली.

"थांबा," मिस्त्री म्हणाला. त्याने वाटीत साबण फेसला आणि ब्रशने गॅसच्या नळीच्या एकेका सांध्यावर लावू लागला.

"आता ग्रिलची दाढीही करणार?" उम्म सुहैब म्हणाली. सगळे हसले.

अंगणापासून आतपर्यंत सगळे सांधे ठीक निघाले. शेवटी दाराजवळच्या चावीपाशी ब्रश फिरला, आणि फेसात वाटाण्याएवढा बुडबुडा फुगला. तो फुटला, दुसरा आला. गॅस गळत होता.

मिस्त्रीने अंगणात जाऊन सिलिंडर बंद केले. परत आला तेव्हा कोणी हसत नव्हतं. त्याचे कान लाल झाले होते. चावी खराब निघाली असं तो म्हणाला असता, तर आमच्यापैकी कोणाला काय कळणार होतं? पत्त्यात हरला तरी पत्ते नीट पिसले नव्हते म्हणणारा माणूस तो.

"हा सांधा माझाच आहे," तो म्हणाला. "काल तुमच्याशी भांडता भांडता नीट आवळला नाही."

आता ही त्याला सोलणार, असं मला वाटलं. तिने काडेपेटी गुपचूप माझ्या हातात देऊन मला दाराबाहेर उभं केलं, दारं-खिडक्या सताड उघडल्या आणि सगळ्या जावांना रस्त्यावर काढलं. मग परत येऊन म्हणाली, "मिस्त्री, तो फेस कसा लावायचा, मला शिकवा."

त्याने सांधा उघडला, आटे पुसले, नवी पट्टी गुंडाळून आवळला. सिलिंडर पुन्हा उघडून दोनदा त्याने फेस लावून पाहिला. तिसऱ्यांदा तिने लावला, नाक जवळ नेऊन, वाटाणे निवडावेत तसं बघत. एकही बुडबुडा आला नाही. मग सहाही बर्नर निळ्या ज्योतीने पेटले.

शुक्रवारी पहिला कबाब तिने मिस्त्रीलाच वाढला. "मीठ कमी आहे," तो म्हणाला.

"सांध्यात पडलं असेल," ती म्हणाली.

तेव्हापासून ती येईल त्या गिऱ्हाइकाला सांगते, "मिस्त्री करायचा तर नायिफ. स्वतःची चूक स्वतः पकडतो." त्याचं काम दुपटीने वाढलंय. तो मात्र माझ्या दुकानात येऊन कुरकुरतो, "तीस वर्षं चूक केली नाही, तेव्हा कोणी विचारत नव्हतं रे."