अक्काची एकटीची कबुली

म्हसवडच्या यात्रेत माझ्याही अंगावर गुलाल पडला होता, हे मी अठरा वर्षे लपवले.

सिद्धनाथाचा रथ पाहायला अक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, मीच घेऊन गेलो होतो. आम्ही ख्रिस्ती, पण यात्रा अख्ख्या माण तालुक्याची. कोणीतरी हातावर प्रसादाचे खोबरे ठेवले. दोघांनी खाल्ले. परतताना स्टँडवरच्या नळावर मी तोंड धुतले, शर्ट बदलला. अक्काच्या लुगड्यावरचा गुलाल तसाच राहिला. तो आमच्या चर्चमधल्या लोकांनी पाहिला, आणि प्रसाद खाल्ल्याचेही तिने नाकारले नाही.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होते, ख्रिस्ताच्या आठवणीची भाकर सर्वांनी मिळून खायची. पंचांचा मदतनीस म्हणून भाकरीचे ताट माझ्या हातात होते. अक्काने हात पुढे केला आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या मुख्य पंचांनी तो सर्वांदेखत बाजूला सारला. ते मिशनच्या बंगल्यातले, तीन पिढ्यांचे शिकलेले. आम्ही गावकुसाबाहेरून आलेले.

"मूर्तीचा प्रसाद खाल्लेल्या तोंडाला ही भाकर नाही. कितीही बाप्तिस्मा द्या, तुम्हा लोकांचे मूळ जात नाही."

अक्काने माझ्याकडे पाहिले. मी ताटाकडे.

आमच्या मंडळीची रीत होती. चुकलेल्याने उभे राहून कबुलीचा कागद वाचायचा, मगच त्याला प्रभूच्या मेजाजवळ घ्यायचे. अक्काला वाचता येत नव्हते. माझे अक्षर चांगले, म्हणून कागद मी लिहिला. मी वाक्य सांगायचे, तिने ते म्हणायचे.

"मी एकटी यात्रेला गेले," मी सांगितले.

ती थांबली.

"व्हय. एकटीच गेल्ते."

बाहेर आल्यावर मी तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली, "तुला पंच व्हायचंय न्हवं? मग गप ऱ्हा. माझी शेरडं काय इचारत न्हाईत, बाई, तुला भाकर मिळाली का म्हनून."

मी पंच झालो. अक्का पुन्हा कधी मेजाजवळ आली नाही.

गेल्या वर्षी माझ्या मुलाने आणि मुख्य पंचांच्या नातीने लग्न करायचे ठरवले. मी बोलणी करायला बंगल्यावर गेलो. मुख्य पंचांनी मला व्हरांड्यातच उभे ठेवले.

"पंच केले म्हणजे सोयरे केले का? पायरी ओळखा."

ख्रिस्तात सगळे एक, असे हाच माणूस दर रविवारी सांगत असे. मी फसवला गेलो होतो. मग मला अक्का आठवली, आणि त्याहून मोठी लाज वाटली. स्वतःचा अपमान होईपर्यंत ती मला आठवली नव्हती. हे दुखणे होते, पश्चात्ताप नव्हे. रथ पाहणे हे माझे पाप नव्हते. तिच्या तोंडी मी खोटे घातले, ते पाप. त्यानंतर रात्रंदिवस देवाकडे क्षमा मागत होतो, कारण तिच्याकडे मागायला धीर नव्हता.

शेवटी एका प्रभुभोजनाच्या रविवारी मी अक्काला आणायला गेलो.

"कशाला रं आता? लय वर्सं झाली."

"तू फक्त येऊन बस."

चर्चमध्ये ती शेवटच्या बाकावर बसली. भाकर वाटण्याआधी मी उभा राहिलो.

"खाली बसा," मुख्य पंच म्हणाले. "घरचे घरी बोला."

"खोटे मी इथे बोललो," मी म्हणालो, आणि त्यांच्याकडे पाठ केली.

"अक्का, यात्रेला मी तुला नेले. तू खाल्लेस ते मीही खाल्ले. तुला एकटीला उभे करून मी पंच झालो. ते पद आज सोडतो. जिथे माणसाचे मूळ पाहून भाकर देतात, तिथे माझा हात यापुढे ताट धरणार नाही. अपराध तुझा नव्हता, अक्का. माझा होता. मला क्षमा कर."