समीक्षाच्या हॉलमधलं घोंगडं

माझी धाकटी जाऊ समीक्षा हिच्याबद्दल लिहायला बसले आहे, तर आधीच सांगून टाकते, मला तिचा हेवा वाटतो. आजचा नाही, ती लग्न होऊन आली तेव्हापासूनचा. सांगलीत एका लॅबमध्ये ती रक्त तपासते, स्कूटीवरून भुर्रकन जाते-येते, भाकरी एका बाजूनं करपवते, आणि तरी घरातले सगळे तिच्यावर खूश. मी साताऱ्यात वीस वर्षं संसार ओढला, माझ्या वाट्याला काय, तर "थोरली हाय, करंल ती."

पण खरी जळले ती घोंगड्यावरून. आमचे सासरे आकाराम जतकडच्या माळावर मेंढरं राखायचे. कळप विकला त्या वर्षी शेवटच्या कातरणीच्या लोकरीचं त्यांनी एक घोंगडं विणून घेतलं होतं. काळंभोर, दोन्ही कडांना पांढरा पट्टा. सासरे गेल्यावर ते थोरल्या सुनेकडेच येणार, हे मी धरूनच चालले होते. त्याला चिंचोक्याची खळ कशी लावायची, कसं धुवायचं, सावलीत कसं वाळवायचं, हे सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, मलाच तर शिकवलं होतं.

घोळ मीच घातला. साताऱ्यात फ्लॅट घेतला तेव्हा सोफ्याला मिळताजुळता मरून रंगाचा गालिचा आणला. आत्याबाई पहिल्यांदा आल्या तर मी दारातच म्हणाले, "पाय पुसून या हं." त्या गालिच्याच्या कडेकडेनं फिरल्या, स्वयंपाकघरात फरशीवर बसून जेवल्या आणि जाताना म्हणाल्या, "तुझ्याकडं गालिचा हाय. घोंगडं धाकटीला देते मी."

समीक्षानं काय करावं? हॉलमधल्या खुर्च्या काढून टाकल्या. भिंत फिकट हळदीच्या रंगाची केली, खाली ते घोंगडं, त्यावर दोन लोड, कोपऱ्यात सासऱ्यांचा पितळी तांब्या. संपलं. येणारा प्रत्येक जण चपला काढून सरळ त्यावर मांडी घालायचा आणि "वा, काय घर ठेवलंय!" म्हणायचा. आत्याबाई तर मधोमध पाय पसरून बसायच्या आणि महिना महिना सांगलीहून हलायच्या नाहीत. माझ्या गालिच्याचा कोपरा वर वळला होता, त्यात केस अडकायचे, आणि त्यावर बसायला कुणी येत नव्हतं.

वर ती मलाच फोन करायची. "आक्का, कसर लागू नये म्हणून काय टाकू?" मी सांगायचे, कडुलिंबाचा पाला टाक, पंधरा दिवसांनी झटक. तोवर मी खरंच सांगत होते.

गेल्या मार्चमध्ये पुन्हा फोन आला. "आक्का, घोंगड्यावर आमटी सांडली वं. आत्याबाई गावाला गेल्यात, परवा येतील. कसं धुवू?"

थंड पाणी, रिठा, हलका हात, आणि पिळायचं नाही. सगळं जिभेवर होतं. मी म्हणाले, "मशीनमध्ये टाक की. पाणी चांगलं कडक घे, म्हणजे तेल निघंल."

"बरं झालं, तुमी हायसा," ती म्हणाली.

फोन ठेवला. लगेच उलटा फोन करता आला असता. मी कणीक मळायला घेतली.

चार दिवसांनी आत्याबाईंना भेटायचं निमित्त काढून सांगली गाठली. घोंगडं आत्याबाईंच्या मांडीवर होतं. आटून निम्मं झालेलं, पापडासारखं कडक. त्या त्यावरून हात फिरवत होत्या.

"बघ गं, हिनं आपल्या मनानं मशीनीत घातलं," त्या म्हणाल्या. "माझंच चुकलं. तुझ्याकडं दिलं असतं तर जीवापाड जपलं असतंस. तुला जाण हाय."

हेच ऐकायला मी वीस वर्षं आसुसले होते.

समीक्षा खाली मान घालून म्हणाली, "व्हय आत्याबाई. आक्कांना इचारायला पायजे हुतं."

मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. "माझं नाव का नाही घेतलंस?"

तिनं चहाचं आधण ठेवलं. "मी नंतर घोंगडं इणणाऱ्याला इचारलं, आक्का. त्यो म्हणाला, कडक पाण्यात लोकर आटती, मेंढरं राखणाऱ्याच्या घरात ह्ये बारक्या पोराला बी ठावं असतंय." मग माझ्याकडे सरळ बघितलं. आवाज चढवला नाही. "मामंजी गेले, आता घोंगडं बी गेलं. आत्याबाईंना तुमचा लय भरवसा हाय. त्यो तरी ऱ्हाऊ दे."

तिनं चहा गाळला आणि पहिला कप माझ्या हातात दिला.

बाहेर जाऊन खरं सांगायला चार पावलं पुरेशी होती. मी चहा प्यायले. मग आत्याबाईंनी मला जवळ बसवून घेतलं, माझा हात हातात धरला आणि समीक्षाच्या देखत तिला नावं ठेवत राहिल्या. ती समोर फरशीवर बसून शेंगा सोलत होती. मला हवं होतं ते सगळं त्या दिवशी मिळालं, आणि तरीही मला तिच्या जागी बसायचं होतं.