सागवानी पेटीतला राउटर

आमच्या घरात काळी वाळू असायची. अंथरुणात, पिठाच्या डब्याखाली, माझ्या वह्यांच्या शिवणीत. वडील कोल्हापुरातल्या एका फौंड्रीत पॅटर्न करायचे, म्हणजे लोखंड ओतायचा साचा ज्याच्यावरून उठवतात तो लाकडी नमुना. त्यांचा हात चांगला आहे हे सगळे म्हणायचे, पण हजेरीपटावर त्यांचं नाव कधी पक्कं लागलं नाही. ते शेवटपर्यंत ठेकेदाराचाच माणूस राहिले. सहा-सात महिने भरत आले की ठेकेदार त्यांना आठ दिवस घरी बसवायचा आणि मग नव्यानं कामावर घ्यायचा. कायम करायचा प्रश्नच उरत नसे. त्या आठ दिवसांत ते उंबऱ्याबाहेर पडायचे नाहीत. गल्लीत कुणी विचारलं तर आई सांगायची, ताप आलाय. लहानपणी मला वाटायचं, आपल्या वडिलांना वर्षातून दोनदा ठरल्यासारखा ताप येतो.

मी बी.कॉम. झाले तेव्हा निकालाचा कागद हातात धरून त्यांनी विचारलं, "म्हंजे कितवी झाली ही?"

"पंधरावी, आण्णा."

"आमच्यात पाचवीच्या म्होरं कोण गेलं न्हाय. दहा यत्ता तू एकटीच चढलीस की."

मला याचा अभिमान होता आणि अजून आहे. तो लपवायचं काही कारण मला दिसत नाही.

पुण्याच्या एका कंपनीत मला घरून करायचं काम मिळालं. दवाखान्यांची बिलं विम्याच्या नियमांशी ताडून बघायची. पहिले तीन महिने पारखून घेणार आणि पसंत पडलं तर कायम करणार. हे घरी सांगितलं तेव्हा आई पीठ मळत होती. परातीतून हात न काढता तिनं विचारलं, "कायम म्हंजे कायमच न्हवं? मधी ताप न्हाय यायचा?" आण्णा हसले नाहीत.

इंटरनेटची लाइन आली, राउटर आला. आण्णांनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला. त्याच्या खालच्या जाळीत बोट फिरवलं आणि म्हणाले, "ह्यात धूळ जाणार." फौंड्रीत त्यांनी हयातभर मशिनी धुळीनं मरताना पाहिल्या होत्या. त्यांची स्वतःची छातीही धुळीनंच गेली होती. काम सुटून दोन वर्षं झाली होती, जिना चढताना धाप लागायची. तरी कॉटखालचं सागवान काढून ते आठवडाभर बसले आणि राउटरसाठी पेटी केली. मापाची हत्यारं ठेवायला फौंड्रीत असते तशी, झाकणाची. वायरी मागच्या भोकातून बाहेर आणल्या आणि भोकाच्या कडेला नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पट्टी चिकटवली. झाकण लावलं की फटीत कागद जात नव्हता. मी पेटीचा फोटो काढून मैत्रिणींना पाठवला.

दुसऱ्या आठवड्यापासून राउटर अडकायला लागला. दिवे सगळे हिरवे, आणि पलीकडे काहीच जात नाही, काहीच येत नाही. अर्धं तपासलेलं बिल पडद्यावर तसंच थिजून राहायचं. बटण बंद करायचं, तीसपर्यंत आकडे म्हणायचे, पुन्हा चालू करायचं. कधी तासभर चालायचा, कधी तेवढाही नाही. आईसुद्धा बटण दाबायला शिकली. "झोपलं गं तुझं," ती स्वयंपाकघरातून ओरडायची. तेवढ्या वेळात पुण्याला माझ्या नावापुढं लाल खूण लागायची, म्हणजे मी जागेवर नाही. तिथल्या मॅडम आधी मेसेज करायच्या, मग फोन करायला लागल्या.

मला सुचेल ते सगळं मी केलं. जोडबोर्ड काढून थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये घातला. अॅडॉप्टर बदलला, वायर बदलली. मागच्या बारीक भोकात टाचणी घालून सगळं पुसून पहिल्यापासून बसवलं. व्हिडिओ बघून वाय-फायचा चॅनेल बदलला. आण्णांच्या मोबाइलचं कनेक्शन तोडलं, कारण भजनं ऐकून लाइन भरत असेल असं वाटलं. ते रेडिओ लावून बसले. राउटर अडकतच राहिला.

शेवटी तक्रार केली. लाइनवाला माणूस तीनदा आला. तो येणार म्हटलं की आमच्याकडं पाहुणा येणार असल्यासारखी तयारी व्हायची. आई चादर बदलायची. आण्णा राउटर पेटीतून काढून, पुसून टेबलावर मांडायचे आणि पेटी कॉटखाली सरकवायचे. पावण्याला काम करायला मोकळं पडावं म्हणून. तो यायचा, चहा घ्यायचा, मोबाइलवर वेग बघायचा.

"पळतंय की ओ ताई! घोड्यागत पळतंय."

"तुम्ही आलात की पळतंय. गेलात की अडकतंय."

"मग मला ठेवून घ्या की हितंच," तो म्हणाला. आई हसली. मला हसू आलं नाही. तिसऱ्या वेळी त्यानं राउटरच बदलून दिला. तो गेल्यावर आण्णांनी नवा राउटर जपून पेटीत ठेवला आणि झाकण लावलं. दुपारी तोही अडकला.

तीन महिने संपले त्या दिवशी मॅडमचा फोन आला. "तुझं काम बिनचूक आहे, पण तू जागेवर नसतेस. एक महिना वाढवून देतेय. लाइन सुधारली नाही तर थांबावं लागेल." थांबावं लागेल. वडिलांना ठेकेदार जे सांगायचा ते आता मला शुद्ध मराठीत ऐकू येत होतं. आईनं विचारलं, "काय म्हणाल्या?" मी सांगितलं, काम चांगलंय म्हणाल्या.

मग मी वहीत लिहायला लागले, राउटर किती वाजता चालू केला आणि किती वाजता अडकला. आठ दिवस लिहिल्यावर वही घेऊन बसले. चालू केला की दीड-दोन तासांनी पहिल्यांदा अडकायचा, आणि मग लवकर लवकर. लाइनवाला येऊन गेला ते दिवस मागच्या मेसेजवरून शोधून काढले. त्या दिवशी सकाळभर एकदाही लाल खूण नव्हती. त्या सकाळी काय वेगळं होतं? मी कॉटकडं बघितलं आणि मला कळलं.

उठून पेटीचं झाकण उघडलं. आतून चुलीसारखी झळ आली. राउटरला हात लावला तर चटका बसला.

हे नीट सांगता आलं असतं. पण मला महिन्याचे उरलेले दिवस दिसत होते. आण्णा दारात रेडिओ घेऊन बसले होते. मी राउटर बाहेर काढून रिकामी पेटी त्यांच्यापुढं आपटली आणि म्हणाले, "ह्या पेटीमुळं माझी नोकरी चाललीय! यातलं काय कळतंय तुम्हाला?"

आईनं आतून नुसतं, "अगं ए!" केलं.

आण्णांनी रेडिओ बंद केला. पेटी मांडीवर घेतली, आत तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग म्हणाले, "व्हेंट ठेवला न्हाय मी." साच्यात लोखंड ओतताना आतला वायू निघून जायला बारीक भोकं ठेवतात, नाहीतर माल फुटतो. "पोरं इसरली की मी आय-माय काढायचो. आन मीच..."

"उद्या भोकं पाडून देतो," ते थोड्या वेळानं म्हणाले.

"नको आता," मी म्हणाले.

एवढंच बोलणं झालं. मी माफी मागितली नाही. नंतर मागायची असं रोज ठरवायची आणि लॉगिन करायची. त्यांनी हत्यारांचं पोतं बांधून माळ्यावर टाकायला लावलं, ते मीच टाकलं. त्यानंतर त्यांनी काही बनवलं नाही. ते आधीच थकले होते, असं आई म्हणते. तसंही असेल.

राउटर उघड्या टेबलावर राहिला. त्याच्यावर धूळ बसायची, आई रोज सकाळी कोरड्या फडक्यानं पुसायची. वाढवून दिलेल्या महिन्यात त्यानंतर एकदाही लाल खूण लागली नाही. महिना भरला आणि पत्र आलं. मी ते दोघांना मोठ्यानं वाचून दाखवलं. आण्णांनी परत वाचायला सांगितलं, मी परत वाचलं. त्यात लिहिलं होतं की मला कायम केलं आहे.