भागीबाई पाणी मारते

आरोग्य शिबिराच्या सकाळी मी बायकांची मोरी जमीनदोस्त केली, आणि वर तिचा गालिचा करून डॉक्टरांच्या पायाखाली अंथरला.

त्याचं असं झालं. इंदिरानगरच्या आमच्या हास्यक्लबातल्या मंडळींना एकाएकी वाटू लागलं, की नुसतं हसून भागायचं नाही, समाजासाठीही काही करायला हवं. समाज लांब नव्हता. आमच्या सोसायटीसमोरच एक मोठी इमारत उठत होती, तिथल्या मजुरांसाठी शिबिर ठरलं. भाषण आणि मांडामांड माझ्याकडे. टँकरच्या गळतीनं तिथं चिखल झालेला. डॉक्टर योगिनीबाईंचं टेबल चिखलात रुतू लागलं. मी इकडेतिकडे पाहिलं, तर मागच्या बाजूला चार बांबूंवर गोणपाटं वाळत घातलेली. ओढली, आणली, अंथरली. "बरं सुचलं हो तुम्हाला!" असं आमची मालिनी म्हणाली. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर बायकोनं तोंडावर कौतुक केलं, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

तेवढ्यात साडीवर पुरुषी शर्ट घातलेली एक बाई हातात पाण्याचा पाइप घेऊन आली आणि डॉक्टरांच्या सँडलखालच्या गोणपाटाकडे बघत उभी राहिली.

"बाबा, ह्ये कुठून काढलं?"

"तिकडं मागं वाळत होतं."

"वाळत नवतं. आमचा आडोसा हाय त्यो. आत माझी भाची सरिता आंघोळ करून निघाली म्हणून बरं, नायतर तुमचं शिबिर तिथंच झालं असतं."

रांगेतल्या सगळ्या बाया खो खो हसल्या. हास्यक्लबाचा कार्यक्रम खरं तर तिथंच यशस्वी झाला. मी गोणपाटं उचलून परत बांधायला गेलो. मला साधी नाडीची गाठ धड येत नाही. ती बाईच बांधत गेली आणि मी, "तिकडं तोंड करून धरा, बाबा," या हुकुमाप्रमाणे पाठमोरा बांबू धरून उभा राहिलो.

ही भागीबाई. सुरगाण्याच्या बाजूची. भाताची कापणी झाली की नवरा बारकू आणि ती नाशकात उतरायची. आधी द्राक्षांच्या बागांवर, मग बांधकामावर. बारकू घमेली वाहतो. भागीबाई पाणी मारते. म्हणजे नवा स्लॅब, नवी भिंत, गोणपाट गुंडाळलेले कॉलम, सगळं ओलं ठेवायचं. सुकलं की तडा जातो. सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत पाइप ओढत ती माळ्यामाळ्यांवर फिरते आणि भिंतींशी बोलते. मी स्वतः ऐकलंय.

"पी गं, पी. तुला काय, बसल्या जागी जिरवायचंय!"

त्या वेळी मला तो विनोद वाटला होता.

माझं भाषण झालं. विषय पाणी. दिवसाला तीन लिटर प्या, तहान लागायची वाट बघू नका, असं मी माइकवरून खडसावून सांगितलं. बाप्यांनी माना हलवल्या. बायांनी एकमेकींकडे बघून पदर तोंडाला लावले. मी समजलो, आपण रंगलोय.

मग भागीबाईची पाळी आली. कंबर दुखते, अधूनमधून हुडहुडी भरून ताप येतो, लघवीला आग, उन्हाळी तर कायमचीच.

"पाणी किती पिता?" योगिनीबाईंनी विचारलं.

"पहाटं येकदा. मंग अंधार पडल्यावर."

"आणि दिवसभर?"

"दिवसभर पाणी मारते ना."

"भिंतींवर मारता हो. पोटात का नाही घालत?"

"घातलं की जावं लागतं, ताई. कुठं जाऊ?"

"तो आडोसा आहे ना?" हे मी. नव्यानंच आडोशाचा जाणकार झालेला.

भागीबाईनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशा नजरेनं आपण ताज्या रंगाच्या भिंतीला पाठ लावून बसलेल्या माणसाकडे बघतो.

"त्याला चार बाजू हायेत बाबा, वरती काय हाय? वरून सारे माळे बगत्यात. समोरून तुमच्या गॅलऱ्या बगत्यात. आंघोळ आमी अंगावर लुगडं ठेवून उरकतो. दुसरं कसं उरकायचं? आदी तिकडं नाल्याकडं झाडी व्हती. आता तिथंबी बिल्डिंगच झाली."

ती बिल्डिंगही तिनंच भिजवलेली. म्हणजे ही बाई पाणी पाजून पाजून भिंती मोठ्या करणार, मोठ्या झाल्या की त्यांना खिडक्या फुटणार, आणि त्या खिडक्या हिचा आडोसा खाणार. मी रोज सकाळी गॅलरीत बसून चहा पितो. तोंड नेमकं त्याच बाजूला असतं.

तपासण्या झाल्या. योगिनीबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं, "मुतखडा आहे, आणि जंतू किडनीपर्यंत गेलेत. गोळ्या मी देते. पण पाणी नाही प्यालात तर किडनी जाईल. जाईल म्हणजे जाईल."

मी तडक साइट इंजिनियरकडे गेलो. विश्वेश नावाचा गोड मुलगा.

"लेबरला टॉयलेट आहे ना, काका! ते काय तिकडं."

होतं खरं. निळी प्लॅस्टिकची खोली, बाहेर कुलूप, आत टाइल्सचे खोके.

"घाण करतात हो, काका. तपासणीला कोणी आलं की उघडतो."

"विश्वेशराव, उद्यापासून आमचा अख्खा हास्यक्लब तुमच्या बुकिंग ऑफिसच्या दारात रोज सकाळी हसेल. कवळ्यांसकट."

ही धमकी लागू पडली. टाइल्स बाहेर आल्या, फीत बांधली, नारळ आला. भागीबाईच्या हाती कात्री दिली. मग कोणीतरी म्हणालं, तिला पाणी पिताना दाखवा. तिनं तांब्या तोंडाला लावला, घटाघटा संपवला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. एक बाई भर दुपारी पाणी प्याली म्हणून सुशिक्षित माणसं टाळ्या वाजवत होती. फोटो छान आलाय. मी पोट आत घेतलेलं आहे.

पुढं मी लेकीकडे पुण्याला गेलो, तो नातवाची मुंज करूनच आलो. परत आल्यावर गॅलरीतून पाहिलं, तर पाइप सरिताच्या हातात. खाली उतरून गेलो.

"मावशी सरकारी दवाखान्यात हाय," सरिता म्हणाली. "लय ताप भरला. येक किडनी गेली म्हनत्यात."

"अगं, पण टॉयलेट होतं ना?"

"त्यात पाणीच नवतं जोडलेलं. गडीमाणसं बी तिथंच जायची. चार दिसांत आत पाय ठेववंना. मंग फ्लॅट बघायला येणाऱ्यांना वास येतो म्हनून उचलून नेलं."

कुठं नेलं, ते मला लगेच दिसलं. बुकिंग ऑफिसच्या बाजूला, स्वच्छ धुऊन, दोन्ही अंगांना कुंड्या ठेवून. पाण्याची जोडणी झालेली. दारावर पाटी, 'फक्त ग्राहकांसाठी'. मी विश्वेशला गाठलं. तोंडाला येईल ते बोललो. तो म्हणाला, "काका, मी वर दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तर मलाच काढतील."

यापुढं मी काय करणार? हसण्याची धमकी एकदाच चालते. आणि खरं सांगायचं, तर मला हसूच येईना. क्लबात मी विषय काढला. एक जण म्हणाले, "आपण फोटो टाकलाय हो, आता वाद कशाला?" त्या इमारतीत प्रत्येक फ्लॅटला तीन-तीन संडास आहेत. क्लबातल्या दोघांनी तिथं बुकिंगही केलंय.

दवाखान्यातून गावी गेलेली भागीबाई भात लावून झाल्यावर परतली. निम्मी झालेली. शर्ट तोच, पण आता खांद्यावरून घसरणारा. मी रस्ता ओलांडून गेलो, तेव्हा ती एका कॉलमवर पाणी सोडत होती. गोणपाट भिजून पाणी खाली ठिबकत होतं.

"बऱ्या आहात ना, भागीबाई?"

"हाय की. कामावर आले म्हंजे बरीच असंन."

"गावाकडंच राहायचं होतं काही दिवस."

"गावाकडं काय खाऊ? माती?"

काही सुचेनासं झालं की माणूस पाठ असलेलं बोलतो.

"डॉक्टरांनी बजावलंय बरं का. आता एकच किडनी आहे. पाणी पिता ना?"

तिनं पाइप पुढच्या कॉलमकडे वळवला.

"अमावशेला सुट्टी असती, माळ्यांवर कुनी नसतं, तवा पिते."